लग्नाचा फोटोग्राफर निवडताय? आधी हे वाचा, मग अ‍ॅडव्हान्स द्या



तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मंगल कार्यालयांचे फोन वाजायला लागतात. चातुर्मासात शांत बसलेले केटरर्स, मांडववाले, बँडवाले, मेकअपवाल्या ताई, सगळे कामाला लागतात. आणि ज्यांच्या घरात लग्न ठरलंय त्यांची एकच धावपळ सुरू होते: हॉल मिळाला का, बस्ता कधी बांधायचा, आचारी कोण, आणि फोटोवाला कोण?

माझं फोटो फ्रेम, लॅमिनेशन आणि गिफ्ट वस्तूंचं दुकान आहे. लग्नानंतर दोन-चार महिन्यांनी लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि म्हणतात, "यातला एखादा चांगला फोटो मोठा करून द्या." त्यामुळे लग्नाचा फोटो काढणारी बाजू नाही, पण तो हातात पडल्यानंतरची बाजू मी रोज बघतो. कुणाचा चेहरा खुलतो, कुणाचा पडतो आणि का पडतो, हे काउंटरवर उभं राहून चांगलं कळतं.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ज्यांचं स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं लग्न आहे. दुसरे, ज्यांना फोटोग्राफी, केटरिंग, डेकोरेशन, मेंदी, मेकअप असा एखादा सेवा व्यवसाय सुरू करायचा आहे. आपल्या वाचकांत बरेच जण दोन्हींत बसतात: धंद्यासाठी पैसे साठवतायत आणि त्याच वर्षी लग्नही आहे. अशा माणसाचा एकेक हजार रुपया मोलाचा असतो. म्हणून जरा नीट बघू.

ही खरेदी वेगळी का आहे?

फ्रिज घेताना तुम्ही दुकानात जाऊन दार उघडून बघता. बिघडला तर वॉरंटी असते. साडी घेताना पदर हातात धरून बघता. लग्नाच्या फोटोंचं तसं नाही. तुम्ही जे विकत घेताय ते अजून तयारच झालेलं नाही. दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो बघून तुम्ही तुमच्या लग्नाच्या फोटोंचे पैसे देता. आणि ते बिघडले तर बदलून मिळत नाहीत, कारण मुहूर्त पुन्हा लागत नाही.

बीबीएला आम्हाला सेवा व्यवसायाचे गुण शिकवले होते: हातात धरून बघता येत नाही, देणाऱ्या माणसापासून वेगळी करता येत नाही, आणि साठवून ठेवता येत नाही. पुस्तकात हे कोरडं वाटतं. लग्नाच्या फोटोग्राफरला हे तिन्ही गुण तंतोतंत लागू पडतात. म्हणूनच इथं "किती घेणार?" हा पहिला प्रश्न नसतो. पहिला प्रश्न असा: या माणसावर भरवसा ठेवण्यासाठी माझ्याकडे काय पुरावा आहे?

पॅकेज ऐकण्याआधी आपली यादी करा

बहुतेक लोक फोटोग्राफरकडे जातात, तो पॅकेज सांगतो आणि मग घासाघीस सुरू होते. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. ट्रॅडिशनल, कँडिड, सिनेमॅटिक, प्री-वेडिंग, टीझर, रील, ड्रोन. ऐकून डोकं गरगरतं आणि माणूस मधलं पॅकेज घेऊन मोकळा होतो. पॅकेजं तीन ठेवण्यामागं हेच कारण असतं, हे धंदा करणाऱ्यांनी ओळखलं असेलच.

त्याऐवजी घरी बसून दोन याद्या करा.

पहिली यादी कार्यक्रमांची. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, गौरीहर, लग्न, सप्तपदी, कानपिळी, रिसेप्शन, पाठवणी, माप ओलांडून गृहप्रवेश. यातल्या कशाला व्यावसायिक फोटोग्राफर हवाच आहे आणि कशाला घरातल्या पोरांचे मोबाईल पुरतील, ते ठरवा. केळवणाचे फोटो भाचीनं काढले तरी चालतात. अंतरपाट दूर होतानाचा फोटो भाचीवर सोडू नका.

दुसरी यादी माणसांची. ही कुणीच करत नाही, आणि नंतर सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते.

मागे एक ताई दुकानात आल्या. भावाच्या लग्नाचे फोटो होते, बाराशेच्या वर. आजोबा नुकतेच गेले होते आणि त्यांना दिवसकार्यासाठी आजोबांचा फोटो फ्रेम करून हवा होता. आम्ही दोघं तासभर स्क्रीनवर शोधत बसलो. आजोबा एका फोटोत पाठमोरे होते. एकात पंगतीत अर्धे कापले गेलेले. ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत, पुढच्याच्या फेट्याआड. शेवटी आधार कार्डावरच्या फोटोवरून काम भागवावं लागलं. नातवाच्या लग्नाला मुद्दाम नवं धोतर नेसून आलेल्या माणसाचा एकही धड फोटो नव्हता.

तो फोटोग्राफर वाईट नव्हता. नवरा-नवरीचे फोटो झकास होते. पण कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले हे गृहस्थ त्या घरात कोण आहेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून दहा-पंधरा नावांची यादी करा. आजी, आजोबा, मोठी आत्या, मुंबईहून येणारे मामा, आजारातून उठून आलेल्या काकू. प्रत्येकाचा एक स्वतंत्र फोटो आणि एक नवरा-नवरीबरोबर. आणि घरातला एक जण नेमा, शक्यतो सगळ्या नातेवाइकांना नावानं ओळखणारा चुलतभाऊ किंवा मावशी. त्या माणसानं लग्नाच्या दिवशी फोटोग्राफरला "हे बघा, हे आमचे आप्पा" असं दाखवून द्यायचं. याला एक रुपया खर्च नाही.

निवडक वीस नको, एक अख्खं लग्न दाखवा म्हणा

इन्स्टाग्रामवर प्रत्येक जण आपले सर्वात चांगले फोटो टाकतो. दहा लग्नांतले दोन-दोन चांगले फोटो काढले तरी वीस होतात. पण तुमच्या लग्नात दोन चांगले फोटो येऊन भागणार नाही. म्हणून सरळ सांगा, "एका लग्नाची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची सगळी फोटोफाइल बघायची आहे." चांगला काम करणारा माणूस ग्राहकाची परवानगी असलेलं एखादं लग्न आनंदानं दाखवतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याबद्दल तुम्हाला काहीतरी कळलं.

आणि कुठलंही लग्न बघू नका, तुमच्यासारखं बघा. तुमचा मुहूर्त दुपारी साडेबाराचा उघड्या लॉनवरचा असेल तर तसंच लग्न बघा. डोक्यावर ऊन असलं की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि मुंडावळ्यांची सावली चेहऱ्यावर येते. गोरज मुहूर्त असेल तर उजेड मिनिटामिनिटाला कमी होत जातो. जुन्या कार्यालयात लग्न असेल तर वर ट्यूबलाईट, बाजूला पिवळे दिवे, मागं लाल-पिवळं कापड, आणि या सगळ्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो. प्रत्येक ठिकाणी कौशल्य वेगळं लागतं.

फाइल बघताना एवढं तपासा:

१. अंतरपाट दूर होतानाचा क्षण. नवरा-नवरी समोरासमोर उभे असतात. एका कॅमेऱ्याला एका वेळी एकाचाच चेहरा समोरून मिळतो. दुसऱ्या बाजूलाही कॅमेरा असेल तरच दोघांच्या चेहऱ्यावरचं हसू सापडतं. त्याच वेळी अक्षता उडत असतात, वाजंत्री सुरू होते आणि पाहुणे मोबाईल वर करून पुढं सरकतात. हे सगळं काही सेकंदांत होतं. या फोटोत माणसाची तयारी दिसते.

२. रंग. चेहरे पिवळे किंवा जांभळे दिसतायत का? सावळ्या नवरीला एडिटिंगमध्ये पांढरंफटक करून टाकलंय का? तसं असेल तर तुमचंही तेच होणार. नवरीनं स्वतःला ओळखलं पाहिजे.

३. बाकीची माणसं. म्हातारी माणसं, पळणारी पोरं, पंगत, विहीण, पाठवणीच्या वेळचे वडील. फक्त नवरा-नवरी आणि दागिने दिसत असतील तर सावध व्हा.

४. होमाच्या वेळचे फोटो. लाजाहोम आणि सप्तपदीच्या वेळी धूर असतो, माणसं खाली बसलेली असतात, गुरुजी मध्ये असतात. इथं वाट बघून नीट जागा धरणारा माणूस वेगळा कळतो.

"तुम्ही स्वतः येणार का?" हा प्रश्न विचारा

लग्नाच्या तिथी मोजक्या असतात. चांगल्या तिथीला एका गावात पंधरा-वीस लग्नं सहज लागतात. मग एकाच स्टुडिओकडे त्या दिवशी तीन-चार ऑर्डरी येतात. मालक एका ठिकाणी जातो, बाकीच्या ठिकाणी रोजंदारीवरचे फ्रीलान्सर जातात. यात गैर काही नाही, धंदा असाच वाढतो. पण तुम्ही ज्याचं काम बघून पैसे दिले तो आणि लग्नात कॅमेरा धरणारा वेगळा असेल, तर ते तुम्हाला आधी कळायला हवं.

म्हणून नाव विचारा. "आमच्या लग्नाला कोण येणार? त्यांनी काढलेलं लग्न दाखवा." आणि पुढचा प्रश्न, "ते आजारी पडले तर कोण येईल?" याचं उत्तर ज्याच्याकडे तयार असतं, त्यानं आधी विचार केलेला असतो.

कॅमेरा कुठल्या कंपनीचा हे विचारू नका, हे विचारा

आज बाजारातला कुठलाही बरा व्यावसायिक कॅमेरा लग्नाला पुरतो. त्यापेक्षा हे प्रश्न कामाचे:

कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डं बसतात का, आणि दोन्हींवर एकाच वेळी फोटो साठवता का? एक कार्ड खराब झालं तर दुसऱ्यावर फोटो राहतात.

जोडीला दुसरा कॅमेरा असतो का? भर लग्नात कॅमेरा बंद पडला तर दुकानात जाऊन दुरुस्त करायला वेळ नसतो.

लग्न झाल्यावर डेटा किती ठिकाणी ठेवता? आयटीवाल्यांचा यासाठी ३-२-१ असा एक साधा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या जागी. स्टुडिओत चोरी झाली, आग लागली, हार्ड डिस्क पडली, तरी वेगळ्या जागेची प्रत वाचते.

डेटा किती असतो याचा अंदाज घ्या. चांगल्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण ३० एमबीची धरली, तर ३,००० फोटोंचे ९० जीबी होतात. व्हिडिओ फोरकेमध्ये आणि १०० एमबीपीएस वेगानं साठवला तर एका कॅमेऱ्याचा एक तास म्हणजे ४५ जीबी. दोन कॅमेरे, पाच तास, झाले ४५० जीबी. म्हणजे एका लग्नात अर्ध्या टीबीच्या वर डेटा. म्हणूनच स्टुडिओवाले काही महिन्यांनी जुना डेटा पुसतात. त्यांचंही बरोबर आहे, पण कधी पुसणार हे आधी ठरवून घ्या आणि त्याच्या आत आपली प्रत ताब्यात घ्या.

स्वस्त पॅकेजचं गणित मांडून बघा

आता खास धंदा शिकणाऱ्यांसाठी. दोन दिवसांचं लग्न धरा. मालक स्वतः फोटो काढणार, जोडीला एक फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला आणि एक लाईटवाला. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील.

दुसरा फोटोग्राफर, दोन दिवस: ८,००० रुपये
व्हिडिओवाला, दोन दिवस: १०,०००
लाईटवाला, दोन दिवस: २,०००
गाडी आणि वरखर्च: ३,०००
फोटो एडिटिंग: ५,०००
व्हिडिओ एडिटिंग: ८,०००
दोन अल्बम: ९,०००
हार्ड डिस्क: ४,०००

बेरीज ४९,००० रुपये. यात मालकाचे दोन दिवस नाहीत, दुकानभाडं नाही, वीजबिल नाही. कॅमेरे आणि लेन्स मिळून ४ लाखांचे धरले, ते ४ वर्षं चालले आणि वर्षाला २५ लग्नं मिळाली, तर प्रत्येक लग्नामागं ४,००० रुपये झीज. झाले ५३,०००. यावर मालकाची मजुरी आणि नफा.

आता कुणी हेच सगळं ३५,००० त देतो म्हणाला तर? तो दानधर्म करायला बसलेला नाही. कुठंतरी काहीतरी कमी होणार. शिकाऊ पोरगा येईल, अल्बमचा कागद हलका असेल, एडिटिंग महिनोन्‌महिने लटकेल किंवा लग्नानंतर "ते एक्स्ट्रा आहे" असं सुरू होईल. म्हणून स्वस्त दर ऐकला की भांडू नका, फक्त शांतपणे विचारा, "यात माणसं किती आणि कोण?"

उलटही खरं आहे. महाग म्हणजे चांगलं असं नाही. क्रेन, एलईडी वॉल, ड्रोन, डोंगरावर जाऊन प्री-वेडिंग यानं बिल वाढतं, आजोबांचा फोटो येतोच असं नाही. बजेट कमी असेल तर वस्तू कमी करा, माणसं कमी करू नका. बारा बाय छत्तीसच्या दोन जाड अल्बमऐवजी एकच घ्या. ड्रोन सोडा. प्री-वेडिंग सोडा. पण अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा राहू द्या.

ड्रोन हवाच असेल तर एवढं माहीत असू द्या. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जास्त ते २ किलोपर्यंतचा ड्रोन "मायक्रो" गटात येतो. त्याची नोंदणी लागते, आणि पैसे घेऊन म्हणजे व्यावसायिक कामासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. कार्यालय विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. "सगळे उडवतात हो" हे उत्तर नव्हे.

बोलणं झालं, आता कागदावर आणा

आपल्याकडे लग्न ठरताना याद्या होतात. कोण काय देणार, कोण काय करणार, हे चार माणसांसमोर लिहिलं जातं. सोयऱ्यांबरोबर लिहितो, मग फोटोग्राफरबरोबर लिहायला लाज कसली? एक पान पुरतं. त्यात हे असू द्या:

तारीख, ठिकाण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. वेळ वाढली तर तासाचा दर.

येणाऱ्या माणसांची संख्या आणि मुख्य माणसाचं नाव.

काय मिळणार: एडिट केलेले फोटो किती, अल्बमचा आकार आणि पानं किती, पूर्ण व्हिडिओ किती वेळाचा, हायलाइट किती मिनिटांचा, एडिट न केलेले फोटो मिळणार की नाही.

कधी मिळणार. फोटो अमुक दिवसांत, अल्बम अमुक दिवसांत. इथं एक गोष्ट ग्राहकांनाही सांगतो. अल्बम रखडतो तेव्हा बऱ्याचदा फोटो निवडून द्यायला आपणच सहा महिने लावलेले असतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या तारखा लिहा: तुम्ही ३० दिवसांत फोटो निवडणार, तो त्यानंतर ४५ दिवसांत अल्बम देणार.

तारीख बदलली किंवा लग्न पुढं गेलं तर अ‍ॅडव्हान्सचं काय.

डेटा किती महिने सांभाळणार.

जीएसटी धरून रक्कम आहे की वेगळा. आपल्याकडे सेवा व्यवसायाला वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की नोंदणी लागते, आणि फोटोग्राफीच्या सेवेवर १८ टक्के दर आहे. ६०,००० वर १८ टक्के म्हणजे १०,८०० रुपये. शेवटच्या दिवशी हे कळलं तर भांडण ठरलेलं.

आणि एक मुद्दा जो ग्राहक आणि फोटोग्राफर दोघांच्याही लक्षात नसतो: फोटोंचा मालक कोण? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल तर वेगळा करार नसताना त्या फोटोचा पहिला कॉपीराइट मालक काम देणारा, म्हणजे ग्राहक असतो. फोटोग्राफरला आपल्या जाहिरातीसाठी ते फोटो वापरायचे असतील तर त्यानं तसं लेखी ठरवून घ्यावं. आणि ग्राहकानं स्पष्ट सांगावं: कुठले चालतील, कुठले नाही. नवरीच्या तयारीच्या खोलीतले फोटो, लहान मुलांचे फोटो, कुणाच्या रडण्याचे फोटो, यावर घरातल्या बायकांचं मत विचारा. त्या खोलीत महिला फोटोग्राफर हवी असेल तर तेही आधीच सांगा.

पैसे टप्प्यानं द्या. बुकिंगला काही, लग्नाच्या दिवशी काही, आणि एक भाग अल्बम हातात आल्यावर. मी २५-५०-२५ सुचवतो. त्याला लग्नाच्या दिवशी टीमचे पैसे वाटायचे असतात, म्हणून मधला टप्पा मोठा. आणि शेवटचा पाव हिस्सा दोघांनाही काम पूर्ण करायची आठवण देतो. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, रोख दिले तर पावती घ्या.

एवढं करूनही कुणी फसवलंच तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ही सेवेतली त्रुटी ठरते. पहिल्यांदा लेखी मागणी करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पुढं जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पण आयोग पैसे परत मिळवून देईल, मुहूर्त परत देणार नाही. म्हणून निवडतानाच काळजी घ्या.

आता काउंटरच्या पलीकडं या

समजा तुम्हीच फोटोग्राफीचा किंवा कुठलाही सेवा व्यवसाय सुरू करताय. वरचे सगळे प्रश्न ग्राहकाच्या मनात असतात, पण तो ते विचारत नाही. त्याला कळत नाही किंवा संकोच वाटतो. मग तो एकच प्रश्न विचारतो जो त्याला येतो: "कमी किती होतील?" आपण म्हणतो, लोकांना स्वस्तच हवं असतं. तसं नाही. दुसरं काही मोजायला आपण त्याच्या हातात दिलेलंच नसतं.

म्हणून तो विचारण्याआधी सांगा. एक अख्खं काम दाखवा. येणारी माणसं नावानिशी सांगा. डेटा कसा सांभाळता ते दोन वाक्यांत समजवा. माणसांची यादी त्याच्याकडून मागून घ्या: "तुमच्या घरातली अशी दहा माणसं सांगा ज्यांचा फोटो हवाच." हा एक प्रश्न विचारणारा फोटोग्राफर आणि दहा हजारांनी स्वस्त फोटोग्राफर यांच्यात कुणाला काम मिळतं, ते स्वतः करून बघा.

तारीख पाळा. उशीर होणार असेल तर ग्राहकाचा फोन येण्याआधी तुमचा फोन जाऊ द्या. आणि सीझनचं गणित धरा. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंतच्या तिथींमध्ये जे मिळेल त्यावर पावसाळाभर, म्हणजे चातुर्मासातही, भाडं आणि हप्ते भागवायचे आहेत. प्रत्येक लग्नातला ठरावीक हिस्सा आल्या दिवशी वेगळा खात्यात टाका. त्या चार महिन्यांत बारशी, वाढदिवस, दुकानांच्या मालाचे फोटो, गणपती मंडळांचे व्हिडिओ, अशी कामं शोधा.

आणि ग्राहकांना हात जोडून एक विनंती. लग्नाच्या दिवशी फोटोग्राफरच्या टीमला वेळेवर जेवायला बसवा. मुहूर्त लागतो, पंगती उठतात, आणि ही पोरं स्टेजवर ग्रुप फोटो काढत उभी असतात. तीन वाजता उपाशी माणसाच्या हातून पाठवणीचे फोटो चांगले कसे येतील? त्यांच्या जेवणाची जबाबदारी घरातल्या एकाला नावानं द्या.

या आठवड्याचं काम

लग्न असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्यांना एकत्र बसवा आणि माणसांची यादी लिहा. फक्त दहा नावं. कोण पहिलं नाव कुणाचं सांगतं ते ऐका, घरातलं बरंच काही कळेल. मग तीन फोटोग्राफरांना भेटा, तिघांनाही तेच प्रश्न विचारा, उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा. दर सगळ्यात शेवटी विचारा.

धंदा असेल तर तुमच्या सेवेबद्दल ग्राहकाच्या मनात असलेले पण तो न विचारणारे पाच प्रश्न लिहा आणि त्यांची उत्तरं एका पानावर छापून काउंटरवर ठेवा.

आपल्या दुकानात ज्या दिवशी कुणी येऊन म्हणेल, "दादा, आजीचा हा फोटो मोठा करून द्या, लग्नातला आहे, किती छान आलाय बघा," त्या दिवशी मी समजेन की हा लेख कुणीतरी वाचला.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत हिशोब लिहित राहा.